आहार अन् मेंदूच्या अभ्यासात नाव द्यायचंय? सहीच्या आधीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत काय-काय करायचं

आपल्या इकडे विदर्भात मेडिकल कॉलेजवाले, संशोधनवाले गावात शिबिरं घेऊन येतात, शुगरवर, चरबीवर, विसरभोळेपणावर, जेवणाचा शरीरावर अन् डोक्यावर काय परिणाम होतो त्यावर अभ्यास चालतात आणि लोकं हौसेनं नावंही देतात. पण नाव दिलेल्यातले किती तरी जण पुढे गळतात, नाहीतर त्यांचं रक्त काढूनही कामाचं राहत नाही, अन् कारणं बघाल तर तीच ती. कोणी फास्टिंगच्या सकाळी "एवढ्याशा चहानं काय होते" म्हणून चहा पिऊन येतो, कोणी आठ दिवस आधीपासून भात सोडून बसतो म्हणजे डॉक्टरसमोर शुगर चांगली दिसंल, कोणी खर्रा (तंबाखू-सुपारीची पुडी) लपवतो, आणि कोणाला विचारलं की भाऊ सही कशावर केली तर तो म्हणतो आशाताईनं सांगितलं म्हणून केली.

म्हणून हे क्रमानं लिहिलंय. एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, तिथे पास-नापास काही नसतं. त्यांना तुमचं रोजचं जगणं जसं आहे तसं पाहायचं असतं, तुम्ही ते धुऊन-पुसून नेलं की अभ्यासही बिघडतो आणि तुम्हाला तुमच्या तब्येतीचं खरं काही कळतही नाही.

## १. आधी विचारा, अभ्यास कशाचा आहे

सगळे अभ्यास सारखे नसतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. मोटामोटी चार प्रकार धरा.

नुसत्या पाहणीचा: वजन, कंबर, रक्तदाब, थोडं रक्त, काय खाता ते प्रश्न, स्मरणशक्तीचे प्रश्न. एक-दोन भेटीत संपतो.

दिवसभराच्या चाचणीचा: दवाखान्यात उपाशी जायचं, ते ठरलेलं जेवण किंवा ग्लुकोजचं पाणी देतात आणि दर थोड्या वेळानं रक्त घेतात. पूर्ण दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी बुडते हे धरून चला.

आहार बदलून पाहणारा: काही आठवडे किंवा महिने त्यांनी सांगितलेलं खायचं. यात बहुतेक वेळा चिठ्ठी टाकल्यासारखे गट पडतात, काहींना नवा आहार, काहींना नेहमीचाच. कोणता गट मिळेल ते तुम्ही ठरवू शकत नाही, डॉक्टरही ठरवत नाही. "मले दुसऱ्या गटात टाका ना साहेब" म्हणून उपयोग नाही.

पावडर, कॅप्सूल किंवा औषधाचा: यात काहींना खरी गोळी आणि काहींना दिसायला तशीच पण आत काहीच नसलेली गोळी देतात, त्याला प्लासिबो म्हणतात. कोणाला कोणती हे बरेचदा देणाऱ्यालाही माहीत नसतं. इथे जास्त डोळे उघडे ठेवायचे, पुढच्या पायरीत सांगतो.

तपासा: किती भेटी, किती महिने, किती वेळा रक्त, कुठे जावं लागंल, हे चार आकडे कागदावर लिहून घेतले का? नसतील तर पुढे जाऊ नका. अन् ते आकडे आपल्या कामाच्या वेळापत्रकाशी लावून बघा. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आसपास सोयाबीन अन् मग कापसाची वेचणी, या काळात तुमची दर आठवड्याची भेट असंल तर तुम्ही ती चुकवणार हे ठरलेलंच आहे, मग नाव न दिलेलं बरं, नाहीतर आधीच बोलून तारखा हलवून घ्या. तारखा बहुतेक हलतात, फक्त विचारावं लागते.

## २. अभ्यास खरा आहे का ते पाहा

माणसावर होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचे हक्क अन् सुरक्षा जपली जाते का ते पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. या कमिटीत डॉक्टर असतात तसे कायदा जाणणारा, समाजकार्यवाला आणि एक साधा सामान्य माणूसही असतो, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो. माहितीच्या कागदावर या कमिटीचा फोन नंबर छापलेला असतो. तो नसंल तर तिथेच थांबा.

औषध देऊन, आहार बदलून जे अभ्यास होतात त्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर असते. नोंदणी नंबर सीटीआरआय, मग साल, मग महिना, मग आकडा असा असतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगा, मोबाइलवर शोधून देईल, तिथे कोण करतंय, कुठे करतंय, किती लोकं घेणार सगळं दिसते. नुसत्या पाहणीच्या अभ्यासाची नोंद तिथे नसूही शकते, त्यामुळे तेवढ्यावरून खोटा म्हणू नका, पण कमिटीची मंजुरी मात्र त्यालाही पाहिजेच.

जवळचं ठिकाण गाठून खात्री करणं सगळ्यात सोपं. सेवाग्रामचं मेडिकल, सावंगीचं मेडिकल, नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाची सरकारी मेडिकल कॉलेजं, ज्याचं नाव तो माणूस सांगतो तिथे फोन लावा आणि त्या विभागात विचारा.

सावध: अभ्यासाच्या नावाखाली पैसे मागितले की समजून जा. "पाचशे भरा, मेंदूची तपासणी फ्री, सोबत प्रोटीनचा डबा" हा धंदा आहे, संशोधन नाही. ओटीपी मागितला, बँकेचं पासबुक ठेवून घेतो म्हटलं, तरी उठून या. प्रवासखर्चासाठी खाते नंबर विचारणं वेगळं आणि ओटीपी मागणं वेगळं. अन् एखादा दलाल पोरांना गाडीत भरून बाहेर राज्यात "दोन दिवस राहायचं, इतके हजार मिळतील" म्हणून नेत असंल तर ते बहुतेक औषधाच्या चाचणीचं काम असते, आहाराचं नव्हे. तेही कायद्यानं होते, पण दलालामार्फत आणि कागद न वाचता जाऊ नका. एकाच वेळी दोन अभ्यासात तर कधीच राहू नका, अंगात दोन-दोन औषधं जातात आणि कोणालाच पत्ता नसतो.

## ३. कागद घरी आणा, मग सही

इथे लोकं सगळ्यात जास्त घाई करतात. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे, मराठी तर मराठी, गोंडी किंवा कोलामी बोलणारा असंल तर त्याला त्याच्या बोलीत कोणीतरी समजावून सांगितलं पाहिजे. ते घरी नेऊन दोन दिवस वाचायला मागा. खरा संशोधक नाही म्हणत नाही, उलट त्याला बरं वाटते.

वाचताना या गोष्टी शोधा. काय-काय करणार. त्रास काय होऊ शकतो. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळते का, किती, आणि कधी. अभ्यासामुळे काही इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कशी. उरलेलं रक्त पुढच्या दुसऱ्या अभ्यासासाठी ठेवणार का. या शेवटच्या प्रश्नाला वेगळा हो-नाही चा चौकोन असतो, त्यात "नाही" वर टिक केली तरी बहुतेक मुख्य अभ्यासात राहता येते. जनुकांची तपासणी करणार असतील तर तेही लिहिलेलं असते, ते नक्की विचारा, कारण त्यातून घरच्यांबद्दलही कळते.

सही कोणाची, हे नीट लक्षात घ्या. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यावर स्पष्ट आहेत, गावच्या प्रमुखानं परवानगी दिली म्हणजे तुम्ही दिली असं होत नाही. सरपंचानं ग्रामपंचायतीत मीटिंग घेतली, ठीक आहे, तरी सही ज्याची त्याची. बायकोच्या वतीनं नवऱ्यानं सही करायची नाही, तिला वेगळं बसवून समजावून सांगायला सांगा. आश्रमशाळेत किंवा गावच्या शाळेत पोरांवर अभ्यास असंल तर मुख्याध्यापकाची सही आईबापाच्या सहीच्या जागी चालत नाही, आणि सात वर्षांच्या वरच्या पोरालाही त्याला समजंल अशा शब्दात विचारावं लागते.

वाचता येत नसंल तर अंगठा चालतो, पण मग सगळं वाचून दाखवताना शेजारी एक तटस्थ साक्षीदार लागतो, आणि तो त्या अभ्यासाच्या टीममधला नको. गावातला मास्तर, नातेवाईक, वाचता येणारा कोणीही. त्याचीही सही होते.

तपासा: सही केलेल्या कागदाची एक प्रत हातात मिळाली का? ती तुमचा हक्क आहे. शिधापत्रिका ठेवता त्याच पिशवीत ठेवा. पुढे काही झालं तर त्यावरचेच नंबर लावायचे आहेत.

## ४. पहिली तपासणी: ताकाला जाऊन भांडं लपवू नका

स्क्रीनिंगला ते शंभर प्रश्न विचारतात. लोकं दोन गोष्टी हमखास लपवतात, खर्रा आणि दारू.

खर्र्यात तंबाखूही असते अन् सुपारीही. निकोटिननं हृदयाचे ठोके वाढतात, शरीर ऊर्जा जाळते त्याचा वेग बदलतो, भूक मरते, लक्ष लागण्याच्या चाचणीवरही फरक पडतो. तुम्ही दिवसाला चार पुड्या खाता आणि सांगता "नाही", म्हणजे तुमचे सगळे आकडे एका न खाणाऱ्या माणसाच्या नावावर जमा झाले. बायांना तर वाटतच नाही की आपण तंबाखू घेतो, पण दातावर गुडाखू घासणं, नस (तपकीर) ओढणं, हेही तंबाखूच आहे, सांगा. दारूचं तसंच. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, त्यामुळे मोहाची घेतो म्हणायला माणूस घाबरतो. पण तुमची माहिती नावानं नाही, कोड नंबरनं ठेवतात आणि गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. बाकी लोकांसमोर सांगायची लाज वाटत असंल तर "मला एकट्यात बोलायचंय" म्हणा.

आता ज्या गोष्टी लोकं लपवत नाहीत पण सांगायचं सुचत नाही त्या.

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा लाल पेशींचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हे बरंच आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी जी एचबीएवनसी तपासणी असते ती लाल पेशींवर मोजतात, आणि सिकलसेलमध्ये त्या पेशी लवकर तुटतात, म्हणून आकडा खोटाच कमी येऊ शकतो. नुसते वाहक असाल (आजार नाही, पण त्याचं जनुक अंगात आहे) तरी काही मशीनवर फरक पडतो. अंगात लोह कमी असंल तर याच्या उलट, आकडा वाढलेला दिसू शकतो. सिकलसेलचं कार्ड असंल तर घेऊन जा, अलीकडे रक्त चढवलं किंवा रक्तदान केलं असंल तर तेही सांगा.

ताकदीची सुई. गावातल्या डॉक्टरकडून अशक्तपणावर जी लाल सुई घेता तिच्यात बरेचदा व्हिटॅमिन बी-१२ असते. आणि बी-१२ चा थेट संबंध नसांशी अन् स्मरणशक्तीशी आहे, असल्या अभ्यासात ते मोजतातच. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असंल तर बी-१२ कमी होऊ शकते, म्हणून तेही सांगायचं.

गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या. काहींमध्ये स्टेरॉइड असते, त्यानं शुगर वाढते. पुडी घेता तर पुडीच घेऊन जा, दाखवा.

फवारणी. मागच्या काही दिवसात कपाशीवर फवारणी केली असंल तर सांगा, काही कीटकनाशकं नसांवर आणि मेंदूवर काम करतात, २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते आपल्याला नवीन नाही.

आणि गोळ्यांची नावं पाठ सांगायला जाऊ नका, "एक पांढरी, एक लांबट पिवळी" यावरून कोणाला काही कळत नाही. सगळ्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या.

## ५. जेवणाची वही: इथेच खरा अभ्यास असतो

बहुतेक अभ्यासात तीन दिवस किंवा आठवडाभर काय खाल्लं ते लिहायला सांगतात, नाहीतर कोणी येऊन "काल सकाळपासून काय-काय खाल्लं" विचारते. हे काम लोकांना फालतू वाटते, आणि म्हणून वही अशी येते: "सकाळी चहा. दुपारी भाकर-भाजी. संध्याकाळी वरण-भात." यावरून कोणीही काहीही मोजू शकत नाही.

असं लिहा:

सकाळी साडेसहा: चहा १ कप, म्हशीचं दूध अर्धा कप, साखर २ चमचे.
नऊ: ज्वारीची भाकर दीड, अंबाडीची भाजी १ वाटी (ज्वारीच्या कण्या टाकलेली), मिरचीचा ठेचा १ चमचा, वरून कच्चं तेल १ चमचा, कांदा अर्धा.
साडेअकरा, वावरात: चहा अर्धा कप, शेंगा एक मूठ.
दोन: भाकर २, तुरीचं वरण १ वाटी, जवसाची चटणी २ चमचे.

फरक दिसतो ना. भाकर पातळ की जाड हा मोठाच प्रश्न आहे, एकीच्या हाताची भाकर दुसरीच्या दीडपट असते. पहिल्या दिवशी एक भाकर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून टाका, मग पुढे नुसता आकडा लिहिला तरी चालते. वाटी एकच ठरवा आणि अभ्यासवाल्यांना ती दाखवा, त्यांच्याकडे मापाची वाटी असते, तिच्याशी जुळवून घेतील.

तेलाचं माप कोणाला सांगता येत नाही, कारण फोडणी सगळ्या घरासाठी एकदाच होते. त्याला सोपा उपाय, महिन्याला घरात किती लिटर तेल लागते आणि खाणारी तोंडं किती ते लिहा. मिठाचंही तसंच.

काय सुटते ते सांगतो. वावरात तोंडात टाकलेलं सगळं सुटते, बोरं, हुरडा, ओल्या शेंगा, तुरीचे दाणे, संत्र्याच्या दोन फोडी. नातवाच्या ताटातलं उरलेलं सुटते. टपरीवरचे तर्री-पोहे सुटतात कारण घरी सांगायचे नसतात. लाखोळीची डाळ तुरीच्या डाळीत मिसळून खात असाल तर ते वेगळं लिहा, ती बरेच महिने रोज भरपूर खाल्ली तर पायाच्या ताकदीवर परिणाम करू शकते आणि मेंदू-नसांच्या अभ्यासवाल्याला ते कळायलाच पाहिजे.

थांबा: वहीच्या दिवसात तेरवी, लग्न, महाप्रसाद आला तर तो दिवस गाळू नका. जे खाल्लं ते लिहा. उपवास आला तर उपवास लिहा, आणि एकादशी अन् दुप्पट खाशी असंल तर साबुदाण्याच्या दोन प्लेटीही लिहा. वही त्याच दिवशी रात्री झोपायच्या आधी भरा, तीन दिवसांची एकदम भरली की ती वही राहत नाही, कादंबरी होते.

## ६. चाचणीच्या आधीचे तीन दिवस

ग्लुकोजची चाचणी असंल तर नियम आहे की आधीचे किमान तीन दिवस रोज १५० ग्रॅमच्या वर कर्बोदकं पोटात जायला पाहिजेत, म्हणजे आपलं नेहमीचं भाकर-भात-पोळीचं जेवण. लोकं नेमकं उलटं करतात, भीतीनं भात बंद, गोड बंद, अर्धी भाकर. आणि मग गंमत होते, शरीराला कर्बोदकांची सवय तुटते, आणि अचानक ग्लुकोज पाजलं की ते नीट सांभाळता येत नाही, शुगर खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते. चांगलं दिसायला गेले आणि शुगरवाल्यांच्या यादीत जाऊन बसले.

अंगमेहनतीचं बघा. आदल्या दिवशी नेहमीपेक्षा खूप जास्त काम, दिवसभर पोती वाहणं, असलं नको, त्यानं दुसऱ्या दिवशीची शुगर कमी दिसू शकते. अन् दिवसभर खाटेवर पडूनही राहू नका. नेहमीसारखं.

झोप हा आपल्याकडचा मोठा लोच्या आहे. रानडुकरांसाठी जागलीवर जाता, नाहीतर मोटरची लाइन रात्रीची असते म्हणून ओलायला (पिकाला पाणी द्यायला) जाता, आणि सकाळी तिथे चाचणीला बसता. एक रात्र नीट झोप नसली तरी इन्सुलिनचं काम मंदावते आणि लक्ष-आठवणीच्या चाचणीत तर सरळच मार बसतो. आदल्या दोन रात्री जागलीला दुसरा कोणी बघा. नाहीच जमलं तर तिथे गेल्यावर पहिले हे सांगा, ते तारीख पुढे देतील.

ताप, हगवण, सर्दी-खोकला, दाढदुखी, काहीही असंल तर जाऊ नका, फोन करा. पोटातल्या जंतूंसाठी विष्ठेचा नमुना घेणार असतील तर मागच्या तीन महिन्यात घेतलेली अँटिबायोटिक सांगा, आणि डबी त्यांनी सांगितलं तशीच थंड ठेवून पोचवा.

## ७. आदली रात्र आणि एसटी

फास्टिंग म्हणजे साधारण ८ ते १२ तास, तुम्हाला जे सांगितलं तेच पाळा. हिशेब रक्त काढायच्या वेळेपासून उलटा लावायचा, घरून निघायच्या वेळेपासून नाही. आठला रक्त असंल आणि १० तास सांगितले असतील तर रात्री दहाच्या आत ताट बाजूला. पण कार्यक्रमातून अकराला जेवून आला असाल तर लपवू नका, वेळ खरी सांगा. आणि १६-१७ तास उपाशी राहिलं म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही, त्यानंही आकडे बदलतात.

साधं पाणी चालते, प्या, नस लवकर सापडते. फिका चहा नाही, काढा नाही, तुळशीचं पाणी नाही, खर्रा-बिडी-गुडाखू नाही.

सावध: शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असंल तर उपाशी सकाळी ते घ्यायचं की नाही हे आधीच त्यांच्या डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या मनानं घेऊही नका, बंदही करू नका. उपाशीपोटी शुगर खाली गेली तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी येते. असं झालं, किंवा मशीनवर ७० च्या खाली आकडा आला, तर चाचणी गेली खड्ड्यात, तीन चमचे साखर पाण्यात टाकून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. खिशात साखरेची पुडी ठेवूनच निघा.

आता एसटी. पहिली गाडी सातला, नागपूरला पोचेपर्यंत दहा, मग रांग, म्हणजे तुमचा उपास आपोआप पंधरा तासांचा. लांबचे असाल तर आदल्या रात्री तिथेच मुक्कामाची सोय होते का ते विचारा, किंवा दुपारच्या जेवणाची चाचणी असंल तर वेळ बदलून घ्या. सोबत डबा न्या, रक्त झाल्यावर खायला.

बॅगेत: संमतीपत्राची प्रत, गोळ्यांच्या पट्ट्या, चष्मा, कानाची मशीन, जेवणाची वही, डबा, साखर. चष्मा विसरणारे फार आहेत आणि मग चित्र दिसत नाही म्हणून मेंदूच्या चाचणीत मार्क जातात.

## ८. चाचणीचा दिवस

रक्ताची भीती काढून टाका. एका नळीत साधारण २ ते ५ मिली जाते. दिवसभरात आठ-दहा नळ्या झाल्या तरी रक्तदानाच्या ३५० मिलीच्या आसपासही जात नाही. हाताला एक बारीक नळी लावून ठेवतात म्हणजे सारखं टोचावं लागत नाही, तो हात वाकवू नका एवढंच.

ग्लुकोजचं पाणी ७५ ग्रॅमचं असते, अति गोड, मळमळते. पाच मिनिटांत संपवायचं, हळूहळू चाखत बसायचं नाही. उलटी झाली तर सांगा, त्या दिवसाची चाचणी तिथेच थांबते. नंतरचे दोन तास बसून राहायचं. "जरा खाली चक्कर मारून येतो" करू नका, चालल्यानं स्नायू साखर ओढून घेतात. आणि खाली टपरी असते हे त्यांनाही माहीत आहे.

श्वासाच्या मशीनवर डोक्यावर पारदर्शक टोप ठेवून निजवतात, किती ऑक्सिजन घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला त्यावरून शरीर आराम करताना किती ऊर्जा जाळते ते काढतात. निजायचं पण झोपायचं नाही, मोबाइल नाही, बोलणं नाही. आपला मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण आरामातल्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा तोच खातो, म्हणून ही चाचणी.

हाडं-चरबी मोजायच्या डेक्सा मशीनमध्ये अगदी थोडे एक्स-रे असतात. पाळी चुकलेली असंल, दिवस असायची शक्यता असंल, तर बायांनी आधीच सांगायचं, लाजायचं नाही.

दंडाला शुगरचा सेन्सर लावून दहा-चौदा दिवस घरी पाठवत असतील तर त्या जागी तेल लावू नका, त्या कुशीवर झोपू नका (दाबल्यानं आकडा खोटाच खाली जातो), आणि ओझं उचलताना, बैल धरताना सांभाळा. निघून पडला तर फेकू नका, पिशवीत ठेवा अन् फोन करा.

## ९. डोक्याच्या चाचण्या

शब्द सांगून थोड्या वेळानं विचारतात, घड्याळ काढायला लावतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. यूट्यूबवर बघून तयारी करून जाऊ नका, पाठ करून गेलात की तुमची आठवण नाही, पाठांतर मोजलं जाते. शिक्षण किती ते खरं सांगा, चौथी तर चौथी, त्याप्रमाणे गुण धरतात. आणि सोबतच्या माणसाला बाहेर बसवा. नवरा घड्याळ काढून राहिला आणि बायको शेजारून "अहो, मोठा काटा तिकडे" सांगते, हे हसायला ठीक आहे पण चाचणी वाया जाते. खर्र्याची सवय असणाऱ्यानं इथेही सांगायचं, कारण सकाळपासून तोंडात काही नाही म्हणून डोकं भणभणत असते अन् उत्तरं चुकतात.

डोक्याला तारा लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, काढणार असतील तर केस धुऊन, तेल न लावता जा.

एमआरआय असंल तर धातूचा कणही आत नको. मंगळसूत्र, जोडवी, तावीज, कमरेचा करदोटा, ब्लाउजच्या पिना, केसातल्या क्लिपा. जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतात, ती घरीच साबण लावून काढून ठेवा, तिथे ऐनवेळी निघत नाहीत. पेसमेकर, हाडातला रॉड, कॉपर-टी, गोंदण, सगळं सांगा. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम केलेल्यांनी तर नक्कीच सांगा, डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहिलेला असू शकतो आणि तो चुंबकानं हलतो. त्यात किरणं नसतात, आवाज मात्र खूप असतो, कानात बोळे देतात. हातात एक बटण देतात, जीव घाबरला की दाबायचं, बाहेर काढतात.

## १०. आहार बदलायचा काळ

अर्धे लोक इथे गळतात. मिळालेलं पीठ, पावडर, तेल घरात सगळ्यांना वाटू नका. आपल्याकडे एकट्यानं वेगळं खाणं वाईट दिसते हे खरं, म्हणून सुरू व्हायच्या आधीच सासूबाईंना, बायकोला समजावून ठेवा, पाहिजे तर टीमच्या ताईला घरी बोलवा. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. उरलेल्या पुड्या परत द्या, ते मोजतात, त्यावरून किती खाल्लं ते कळते. "सगळं घेतलं" म्हणून पुड्या शेणखतात टाकणारेही असतात.

शेजारच्या गटातल्या माणसाशी अदलाबदल नाही, त्याला काय मिळालं ते पाहून आपलं बदलणं नाही. काही अभ्यासात आधी एक आहार आणि मग दुसरा असे दोन टप्पे असतात, त्यांच्या मधे काही आठवडे "काहीच नाही" असा काळ असतो, आधीच्याचा परिणाम उतरायला, त्या काळात अभ्यास संपला समजून फोन बंद करू नका.

अंगावर पुरळ, सतत जुलाब, चक्कर, काहीही नवीन झालं तर त्याच दिवशी कळवा. भेटीची वाट पाहू नका, आणि आधी गावातल्या डॉक्टरकडे गेलात तर त्याला अभ्यासाचा कागद दाखवा.

## ११. मधेच सोडायचं असंल, आणि शेवट

कधीही सोडता येते, कारण सांगायची सक्ती नाही, आणि त्यामुळे त्या दवाखान्यातला तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. फक्त गुपचूप गायब होऊ नका, एक फोन करा. कोणी धमकावलं, "आता पैसे परत द्या" म्हटलं, तर एथिक्स कमिटीचा नंबर लावा.

रिपोर्ट मागून घ्या. कोणते रिपोर्ट देणार ते कागदात लिहिलेलं असते, नेहमीच्या रक्ताचे बहुतेक देतात. उपाशी शुगर १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा त्याच्या वर आली तर पुन्हा तपासणी करून शुगरचं निदान पक्कं करतात. एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त असंल तरी तेच, सिकलसेलवाल्यांनी मात्र या आकड्यावर जाऊ नये. असा रिपोर्ट आला तर तो घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, अभ्यासवाले तुमचे कायमचे डॉक्टर नाहीत, ते कागद देतात, गोळ्या तिथून सुरू होतात.

सहा महिन्यांनी, वर्षानी परत बोलावणं असंल तर मोबाइल नंबर बदलला की कळवा, आणि मजुरीला बाहेरगावी जात असाल तर घरातल्या कोणाचा तरी दुसरा नंबर देऊन ठेवा. वहीतली वाटी तीच ठेवा, दुसऱ्या फेरीतही तिच्यानंच मोजायचं आहे.